सतरा निळ्या फुल्या

कांचनबुरी, सयाम
९ नोव्हेंबर १९४५

कर्नल हॅलम,

तुमचं पत्र काल मिळालं. सोबतचा टाइप केलेला जबाबही मिळाला. माझं नाव, हुद्दा, बटालियन, सगळं छापून तयार. सही कुठे करायची तिथे पेन्सिलने बारीक रेघसुद्धा मारलेली. मी सही केलेली नाही. करणारही नाही.

तुम्ही विचारता, सगळे बोटीने घरी गेले आणि पास्को, तू अजून तिथे काय करतोस? सांगतो. कबरी शोधतोय. आम्ही बाराजण आहोत. एक इंजिन आणि दोन डबे दिलेत. जपान्यांच्या कैदेत असताना आपणच टाकलेल्या रुळांवरून रोज थोडं पुढे जातो, जिथे छावणी होती तिथे उतरतो, वेली तोडतो आणि मोजतो. क्रूस सापडले तर नावं वाचतो. बऱ्याच ठिकाणी क्रूस कुजून गेलेत. सार्जंट नोलन नावाचा एक ऑस्ट्रेलियन आमच्यात आहे. तो काठी जमिनीत खुपसतो आणि माती भुसभुशीत लागली की म्हणतो, "कॅप्टन, इथे कोणीतरी आहे."

आपल्या लोकांच्या निदान याद्या आहेत. मलायातून आणलेले तमिळ मजूर इथे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त मेले. त्यांची यादी कोणाकडे नाही आणि कोणी मागतही नाही. नोलनने कागदावर लिहून ठेवलंय, 'नदीच्या वळणावर, पुष्कळ.' एवढंच.

आता तुमच्या जबाबाबद्दल.

तुम्ही म्हणता की १९ जून १९४३ च्या सकाळी कॉर्पोरल ओगिता चार पहारेकऱ्यांना घेऊन वांग क्लाय छावणीच्या दवाखान्यात घुसला आणि सतरा आजारी जवानांना त्याने माच्यांवरून ओढून कामावर नेलं. आपण अडवायला गेलो तर आपल्याला मारहाण झाली. त्या सतरांपैकी सहाजण आठवड्यात मेले, आणि म्हणून ओगितावर खुनाचा खटला चालावा. तुमची सही वर, माझी खाली.

कर्नल, ओगिता दवाखान्यात घुसला नव्हता. तो फाटकापाशी छत्री धरून उभा होता. हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

मला त्या माणसाचा पुळका नाही. त्याने बांबूने माझे दोन दात पाडलेत. अजून डाव्या बाजूने मला चावता येत नाही. तो फासावर लटकला तर त्या दिवशी मी पोटभर जेवेन. पण त्याने जे केलं त्यासाठी लटकू दे. जे आपण केलं त्यासाठी नाही.

कॉर्पोरल टेड क्लॅक्सन आठवतो का तुम्हाला? दूधवाला होता. घोडागाडीतून दूध घालायचा, आणि घोडा त्याच्यापेक्षा हुशार आहे असं स्वतःच सांगायचा. "साहेब, घोड्याला सगळी घरं पाठ. मी गाडीत झोपतो, तो बरोबर दारादारात थांबतो. लढाईला खरं तर त्यालाच बोलवायला हवं होतं." हा माणूस त्या सतरांत होता. तुमच्या जबाबात त्याचं नाव 'क्लार्क्सन' असं छापलंय.

जबाब परत पाठवतोय. निदान नाव तरी नीट करा.

डेनिस पास्को


वांग क्लाय
२ डिसेंबर १९४५

कर्नल हॅलम,

तुमचं दुसरं पत्र इंजिनवाल्याने आणून दिलं. तुम्ही लिहिता की उष्णतेने आणि कुपोषणाने पुष्कळांची स्मरणशक्ती बिघडली आहे, तुझीही बिघडली असेल. विश्रांती घे.

मी आज वांग क्लायमध्येच बसून लिहितोय. विश्रांतीला याहून चांगली जागा कुठली!

छावणी ओळखूच येत नाही. झोपड्या बांबूच्या होत्या, त्या कोसळून मातीत गेल्या. तुमची झोपडी जिथे होती तिथे कोणीतरी केळी लावल्यात. खिंड मात्र तशीच आहे. आपल्या माणसांनी पहारींनी आणि घणांनी फोडलेली. कातळावर पहारींचे ओरखडे अजून पांढरे दिसतात. मी हात लावून पाहिला. नोलनने विचारलं, "तुम्ही यातलं किती फोडलंत, कॅप्टन?"

मी म्हटलं, "आम्ही अधिकारी. आम्हाला काम नव्हतं."

"वा," तो म्हणाला. "आमच्या छावणीत अधिकारी फावडी धरायचे. आमचा मेजर तर असा दगड उचलायचा की बघत राहावं. आणि शिव्या! शिव्या तर त्यानेच आम्हाला शिकवल्या."

  आपली गोष्ट त्याला कशी सांगू? तुम्हालाच एकदा सांगून बघतो, कारण तुम्ही ती विसरलात असं दिसतं.

त्या जूनमध्ये जपान्यांना रेल्वे ऑगस्टपर्यंत हवी होती. रोज सकाळी दोनशे माणसं लागायची. पाऊस, पटकी, रक्ती आव. त्या दिवशी हजेरीला एकशे त्र्याऐंशी उभे राहिले. सतरा कमी. ओगिताने फाटकाजवळून मोजलं, परत मोजलं आणि आपल्या झोपडीकडे छत्री रोखून म्हणाला, "ऑफिसर चालेल." हे त्याचे शब्द. त्याला तेवढंच इंग्रजी यायचं. झोपडीत एकवीस अधिकारी होते, तब्येतीने धड, आदल्या दिवशी नदीवरच्या होडीतून घेतलेली बदकाची अंडी खाऊन बसलेले. त्यात तुम्ही, त्यात मी.

तुम्ही म्हणालात, "ब्रिटिश अधिकारी शत्रूसाठी मजुरी करत नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

डॉक्टर मॅकइव्हर पावसात भिजत उभे होते. ते म्हणाले, "साहेब, दवाखान्यात एकही माणूस पहार धरण्याच्या लायकीचा नाही. तत्त्व आज दुपारपर्यंत बाजूला ठेवता येईल का?"

तुम्ही त्यांना म्हणालात, "तू तुझं औषध बघ."

मी म्हटलं होतं, आपण जाऊ या. तुम्हाला आठवत असेल.

आता मुद्द्याची गोष्ट. काल आम्ही दफनभूमी साफ केली. शेवटच्या ओळीत एक कबर होती, क्रूसावर लिहिलेलं, 'प्रायव्हेट आय. एम. हियर'. असा माणूस आपल्या बटालियनमध्ये नव्हताच. त्या नावाचा अर्थ नोलनच्या माझ्याआधी लक्षात आला. 'मी इथे आहे.' तो खो खो हसायला लागला. "कॅप्टन, तुमचा डॉक्टर स्कॉटिश होता ना? खोदा, खोदा."

दोन फुटांवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा लागला. मेणाने बंद केलेला, बाहेरून मेणकापड. आत डॉक्टरांची दवाखान्याची वही. वाळवी शिरली नाही, पाणी शिरलं नाही. ते बिचारे पुढच्या वर्षी कैदी घेऊन जपानला जाणाऱ्या बोटीत होते. बोट बुडाली. त्यांना माहीत असावं की आपण परत यायचे नाही, आणि वही तरी यावी.

जानेवारी ते ऑगस्ट १९४३, रोजचं पान. प्रत्येक माणसाचं नाव, दुखणं, आणि पुढे शेरा: उठू शकतो, उठू शकत नाही.

१९ जूनचं पान आहे.

पास्को


कांचनबुरी
२९ डिसेंबर १९४५

कर्नल हॅलम,

यावेळी पत्राआधी तार! खर्चाची पर्वा न करता. 'वही कोणालाही देऊ नये पत्र येत आहे हॅलम.' आणि मग पत्र.

मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी टेबलावरची पाण्याची सुरई भिंतीवर फेकली. इथली स्वयंपाकीण, तिला सगळे मे प्लूम म्हणतात, धावत आली. पत्राकडे बघून म्हणाली, "बायकोचं?" मी म्हटलं नाही. "मग एवढं चिडायला काय झालं?" असं म्हणून ती खापऱ्या गोळा करायला लागली.

तुम्ही लिहिता: त्या पानावर खुणा कोणाच्या हातच्या आहेत ते नीट बघ आणि मग ठरव.

बघितलंय. मला बघायची गरजही नव्हती. तुम्हाला वाटलं असेल की मी ते पान उलटून पुढे जाईन, किंवा घाबरून वही नदीत टाकेन. मागच्या पत्रात मी हे लिहिलं नाही हे खरं. लिहायला घेतलं होतं. 'पान आहे' एवढ्यावर लेखणी थांबली. आता लिहितो. तुमच्यासाठी नाही. एकदा कागदावर उतरावं म्हणून.

अधिकाऱ्यांऐवजी दवाखान्यातले सतरा पाठवायचे असं तुम्ही ठरवलंत, पण डॉक्टरांनी नावं द्यायला नकार दिला. वही माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "माझ्याच्याने होणार नाही. तुमच्यातल्या कोणाच्या हाताला हे जमतंय ते मला बघायचंय." तुम्ही माझ्याकडे वळलात. "पास्को, तू माझा ॲड्ज्युटंट आहेस. याद्या तूच करतोस. सतरा नावं. दहा मिनिटं." आणि तुम्ही आत गेलात. तुम्ही पुढचं बघितलं नाही, ते मी बघितलं.

माझ्याकडे निळी पेन्सिल होती. मी माच्यांमधल्या चिखलातून चालत गेलो आणि नावांपुढे फुल्या मारत गेलो. कोणी विरोध केला नाही. ते सगळ्यात वाईट. काहीजण मी फुली मारायच्या आधीच पाय खाली सोडायला लागले. एक म्हणाला, "साहेब, माझे बूट आहेत का बघा हो कुठे."

चौदा, पंधरा, सोळा. सतरावं नाव राहिलं.

दाराजवळच्या माचीवर गिब्ज होता. माझा ऑर्डर्ली. हिवताप, पण दोन दिवस ताप नव्हता. वहीत डॉक्टरांचा शेरा आहे, त्यांच्या बारीक अक्षरात: 'ताप उतरला. हलकं काम चालेल.' अख्ख्या दवाखान्यात कामावर जाण्यासारखा एकच माणूस होता, तो हा. तो माझे कपडे धुवायचा. माझ्या भातात कुठून तरी मीठ आणून घालायचा. माझ्याकडे बघून त्याने नजर खाली केली. मागितलं काहीच नाही.

त्याच्या शेजारच्या माचीवर क्लॅक्सन. शेरा: 'रक्ती आव. उठू शकत नाही.'

मी क्लॅक्सनपुढे फुली मारली.

तो जागा होता. मला म्हणाला, "माझा नंबर लागला वाटतं, साहेब?"

मी म्हटलं, "हलकं काम आहे, टेड. पाणी वाहायचं फक्त."

"पाणी आणि दूध, माझ्यासाठी सारखंच," तो म्हणाला. "पूर्वीही मी पुष्कळदा एकात दुसरं मिसळलंय." शेजारचे दोघे हसले. मीही हसलो. कर्नल, मी हसलो. मग त्याला दोघांनी बखोट धरून उभं केलं. गिब्ज भिंतीकडे तोंड करून पडला.

पाणी नव्हतंच. त्याला खिंडीत पहार धरायला लावली. दुपारी हातातून पहार सुटली, तेव्हा तिथल्या पहारेकऱ्याने, ओगिताने नव्हे, घणाच्या दांड्याने त्याला मारलं. संध्याकाळी झोळीतून आणला. सोमवारी गेला.

तुमच्यावर चिडून चिडून मी दोन पत्रं लिहिली, आणि त्यात असं लिहिलं की जणू यादी वाऱ्याने झाली. आणखी एक सुधारतो. 'आपण जाऊ या' असं मी म्हणालो होतो हे खरं. पण ते मी इतक्या हळू म्हणालो की तुम्हाला ऐकू न आल्यासारखं करता यावं. तुम्ही तसं केलंत आणि मला बरं वाटलं. पहार मला धरायची नव्हती.

त्या पानाच्या तळाशी डॉक्टरांनी लिहिलंय: 'ही निवड माझी नाही. कर्नल हॅलम यांच्या हुकमावरून, कॅप्टन पास्को यांच्या हाताने. बाहेर एकवीस अधिकारी कामायोग्य आहेत.' खाली सही आणि तारीख.

तुम्ही लिहिता, 'ती वही आपल्या दोघांनाही बुडवेल, आणि फायदा होईल तो एका जपान्याचा. टेडच्या बायकोला तरी काय सुख लाभणार आहे? तिला वाटू दे की नवऱ्याला शत्रूने मारलं. त्यात दया आहे.'

दया! हा शब्द तुमच्या हातून कागदावर उतरला कसा? सतरा माणसं माच्यांवर होती तेव्हा कुठे होता तो? तुम्ही दुसऱ्याच्या नावावर तत्त्व पाळलंत, आता दुसऱ्याच्या बायकोच्या नावावर दया करताय. तुमचं म्हणून काही आहे की नाही? आणि तुमच्यावर ओरडण्याचा मला हक्क आहे का, असं विचाराल. नाही. तरी ओरडणार. त्या सकाळी हुकूम देणारे तुम्ही आणि फुल्या मारणारा मी, आणि तुम्ही तिकडे आपल्या बागेत गुलाबांची छाटणी करताय.

वही मी सिंगापूरला घेऊन जातोय.

पास्को


सिंगापूर
१६ मार्च १९४६

कर्नल हॅलम,

तुमचे वकील मला हॉटेलात येऊन भेटले. सभ्य माणूस. त्याने सांगितलं की कर्नलना माझ्याबद्दल वडिलांसारखी माया आहे. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी मला एवढ्या तारा कधी केल्या नव्हत्या.

खटला काल संपला. तुम्ही आजारी असल्यामुळे येऊ शकला नाहीत, तुमचा जबाब वाचून दाखवला. मग मला उभं केलं. मी वही दिली आणि १९ जूनच्या पानाबद्दल जे तुम्हाला लिहिलं तेच सांगितलं. गिब्जचंही सांगितलं.  सरकारी वकिलाचं तोंड असं झालं की जणू मी टेबलावर मेलेलं काहीतरी आणून ठेवलंय.

त्याने विचारलं, "कॅप्टन, आरोपीने दवाखान्यात पाऊल ठेवलं का?"

"नाही."

"त्याने काय मागितलं?"

"अधिकारी."

"आणि आपण काय दिलंत?"

मी म्हटलं, "आजारी माणसं."

ओगिताला दुभाषी सगळं सांगत होता. तुम्हाला वाटत असेल त्याने वाकून आभार मानले. छे. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर मला पुरती ओळखीची होती. फाटकाजवळ त्या सकाळी सतरा माणसांची रांग चिखलातून येताना त्याने असंच बघितलं होतं आणि तो थुंकला होता. तेव्हा मला वाटायचं तो आजाऱ्यांवर थुंकला. आता वाटतं, माझ्यावर थुंकला असेल.

खुनाच्या आरोपातून तो सुटला. माझे दात आणि इतर पाचजणांना केलेली मारहाण यासाठी बारा वर्षं मिळाली. तेवढी त्याने कमावली होती.

तुमच्याबद्दल आणि माझ्याबद्दल विचाराल, तर निश्चिंत असा. आपल्या बाजूच्या एका मोठ्या अधिकाऱ्याने मला व्हरांड्यात नेऊन सिगारेट दिली. म्हणाला, "तू खरं बोललास, चांगलं केलंस. पण ही वही या खटल्यापुरती. पुढे कोणी काही करणार नाही. सगळ्यांनीच तिथे भोगलंय. आता घरी जा."

मी विचारलं, "बस? एवढंच?"

"मग काय हवं होतं? तुला फाशी?"

 मी सिगारेट न पेटवताच त्याला परत दिली. तुमचं पदक तुमच्याकडेच राहील. माझी बढतीसुद्धा कदाचित येईल. सतरा फुल्यांचं पान एका कपाटात जाईल, आणि त्या कपाटाची किल्ली जन्मभर कोणी मागणार नाही.

मी क्लॅक्सनच्या बायकोला पत्र लिहिलं. तिचं उत्तर इथेच मिळालं, चार ओळींचं. 'नवरा कसा गेला ते कळवल्याबद्दल आभारी आहे. सरकारी पत्रात पटकी म्हटलं होतं. तुम्ही लिहिता की तुम्ही नावं निवडलीत. टेडच का, ते लिहिलेलं नाही. आयव्ही क्लॅक्सन.'

बरोबर आहे. कोर्टात सांगितलं, तिला नाही सांगितलं. पुढच्या आठवड्यात माझी बोट आहे.

पास्को


थॉर्नी ड्रोव्ह
२ जून १९४६

कर्नल हॅलम,

हे शेवटचं पत्र. याचं उत्तर नको.

काल दुपारी मी आयव्ही क्लॅक्सनच्या घरी गेलो. तुमच्या गावापासून बसने तासाभराचा रस्ता, म्हणजे युद्धाआधी टेडचा घोडा तुमच्या गावाच्या वेशीपर्यंत येत असेल. ती धुलाईच्या कारखान्यात कामाला आहे. शनिवार होता, अर्धी सुट्टी. हात कोपरापर्यंत लाल, सोडा लागून सोललेले. मी नाव सांगितलं. तिने मला आत बोलावलं नाही आणि दारही लावलं नाही.

"सांगा," ती म्हणाली.

मी तिथेच उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगितलं. समोरच्या घरातली बाई खिडकी पुसायची थांबली होती. मला वाटलं होतं की मी नीट सांगेन. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. पण तोंडातून आलं ते असं: "त्याच्या शेजारी माझा माणूस होता. त्याला काम झेपलं असतं. मी त्याला वाचवलं आणि टेडला पाठवलं."

 तिने विचारलं, "तो जिवंत आहे?"

"आहे. लीड्सला असतो. ट्राममध्ये कंडक्टर आहे."

"लग्न झालंय?"

"झालंय."

"टेडला माहीत होतं? की तुम्ही कोणाच्या ऐवजी..."

"मला वाटतं माहीत होतं. शेजारीच होता."

"आणि काय म्हणाला तो?"

मी पाण्याची आणि दुधाची थट्टा सांगितली. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, अगदी क्षणभर, आणि मग तिने मला थोबाडीत मारली. ओल्या, जड हाताने. ज्या बाजूला दात नाहीत त्या बाजूला. मी हललो नाही. तिने परत हात उचलला आणि खाली सोडला.

"रडू नका," ती म्हणाली. "माझ्या दारात रडायचं नाही. तीन वर्षं मी जपान्यांना शिव्या घातल्या. जेवताना, झोपताना. माझ्या पोरीला मी तेच शिकवलं. आता काय शिकवू?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"तुम्हाला काय माहीत असणार म्हणा." मग म्हणाली, "ज्याने हुकूम दिला तो? तो आहे?"

"आहे."

"कुठे?"

मी तुमच्या गावाचं नाव सांगितलं. तिला आधी खरंच वाटेना. तिची पोरगी गेल्याच रविवारी तुमच्या बागेत चर्चच्या जत्रेला गेली होती म्हणे. तुम्ही तिच्या हातात लाल गुलाब दिलात आणि डोक्यावरून हात फिरवलात. नाव विचारलंत. तिने क्लॅक्सन सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "छान नाव आहे."

कर्नल, हे ऐकून मी तिथेच भिंतीवर मूठ आपटली. आयव्हीने माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन ओलं फडकं आणून दिलं, बोटांना गुंडाळायला. "तुमच्या रागाचं मला काय करायचंय?" ती म्हणाली. "मला पत्ता द्या."

मी पत्ता लिहून दिला. घराचं नाव, गल्ली, बस कुठे थांबते, सगळं.

गिब्जलाही बोलावलंय तिने. त्याला काही बोलणार नाही म्हणते, फक्त बघायचंय. त्याला पत्र मी लिहितोय, आणि ते या पत्रापेक्षा मला जड जातंय.

तुमच्याकडे ती गुरुवारी येईल. त्या दिवशी तिने कारखान्यात रजा टाकली आहे. पोरीलाही बरोबर आणणार आहे. मी येऊ का विचारलं, तर नको म्हणाली.

सकाळी अकराची बस आहे. बारापर्यंत बेल वाजेल. त्या वेळी घरकामाच्या बाईला पुढे पाठवू नका, तब्येतीचं कारण सांगू नका. दार तुम्ही उघडा.

डेनिस पास्को